आधी निळं पाणी, मग काळं पाणी

आमच्या आणि वहिनींच्या अंगणांमध्ये कमरेएवढं कुंपण आहे आणि त्यावरून त्यांच्या आंब्याची एक जाडजूड फांदी आमच्याकडे आलेली आहे. पानगळ आमच्या वाट्याला, कैऱ्या त्यांच्या. गेली नऊ वर्षं हा विषय 'बघू कधीतरी' या खात्यात पडून आहे. परवा रविवारी मी पानं झाडत होते, तर वहिनी ओले कपडे खांद्यावर टाकून कुंपणाशी आल्या आणि आवाज इतका खाली आणला की मला वाटलं, कोणाचं तरी लग्न मोडलं.

"ताई, ते पाण्याखाली जायचं म्हणजे नक्की काय असतं हो?"

मग उलगडा झाला. जानेवारीत त्यांच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. मुलगा नुकताच नोकरीला लागलाय, त्याने आईबाबांना अंदमानला न्यायचं ठरवलंय. नुसतं न्यायचं नाही, स्कूबा करवायचं. तेव्हापासून दादांनी विषय टाळलाय आणि वहिनींची झोप उडलीय. आम्ही गेल्या फेब्रुवारीत जाऊन आलो, त्यामुळे सध्या गल्लीतली या विषयातली तज्ज्ञ मीच. खरं सांगायचं तर मी आयुष्यात पाण्याखाली एकूण दीड तास होते. पण आपल्याकडे एवढ्या भांडवलावर माणसं क्लास काढतात.

मी झाडू कुंपणाला टेकवला. वहिनींनी ब्लाउजमधून मोबाइल काढला आणि कुणा ट्रॅव्हलवाल्याने पाठवलेला बेत दाखवला. सहा रात्री, सात दिवस. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, मग रोज एक बेट, रोज सकाळी सामान बांधा, रोज बोट पकडा. आणि सातव्या दिवशी सकाळी सात वाजता नॉर्थ बेला स्कूबा, दुपारी अडीचचं विमान.

"वहिनी, हा बेत ज्याने केला तो माणूस कधी पाण्यात उतरलेला नाही."

"अहो, पण शेवटी ठेवलंय म्हणजे गोडाचं कसं शेवटी..."

"गोड नव्हे, घात आहे तो."

आता हे त्यांना समजवायचं कसं? मला गोटी सोडा आठवला. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. (वहिनी इथेच अर्ध्या निश्चिंत झाल्या; 'ऑक्सिजन लावणार' ऐकून त्यांना दवाखाना आठवत होता.) खाली गेलं की पाण्याचा दाब वाढतो, आणि त्या हवेतला नायट्रोजन सोड्यातल्या वायूसारखा अंगात मुरतो. सावकाश वर आलं आणि जमिनीवर निवांत बसलं, की तोही सावकाश निघून जातो. पण लगेच विमानात चढलात तर? तिथे हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी. म्हणजे गोटी दाबल्यासारखंच. फस्सकन बुडबुडे, आणि बाटली आपण स्वतः. सांधे धरतात, त्याहून वाईटही होतं. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तरी विमानाआधी किमान १२ तास सोडायचे, दोन-चार दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८. आमच्या शिकवणाऱ्या मुलाने तर 'सरळ २४ धरा, हिशेब सोपा' म्हणून टाकलं. आम्ही धरले.

"मग शेवटच्या दिवशी करायचं काय?"

"सेल्युलर जेल!"

हा शोध माझा नाही, लेकीचा आहे. मराठी माणूस पोर्ट ब्लेअरला उतरतो तो सावरकरांच्याच नावाच्या विमानतळावर, आणि तिथून रिक्षा थेट तुरुंगाकडे. आमच्या ह्यांचाही तोच हट्ट होता, आधी दर्शन, मग बाकीचं. पण लेकीने बेत उलटा केला. उतरलं की मुक्काम टाकायचा, दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने हॅवलॉक, तिथेच चार रात्री ठाण मांडायचं, आणि परत आल्यावर कोरडा दिवस तुरुंगासाठी. आधी निळं पाणी, मग काळं पाणी. आणि मला विचाराल तर तेच बरं झालं. चार दिवस त्या समुद्रात हसत-खिदळत काढल्यावर १९११ साली त्याच समुद्रातून बेड्या घालून आणलेल्या माणसाच्या कोठडीत उभं राहिलं, तेव्हा हे दहा मिनिटं बोलले नाहीत. आधी पाहिलं असतं तर 'पाहिलं' एवढंच झालं असतं.

वहिनींनी डोळे पुसले. सावरकर निघाले की त्या पुसतात. मग एकदम म्हणाल्या, "पण आम्हाला फसवलंय वाटतं. पोरगा हॅवलॉक हॅवलॉक करतोय आणि बोटीच्या तिकिटावर भलतंच काही, स्वराज द्वीप!"

फसवलेलं नाही. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवं नाव, तोंडात जुनं. आपल्याकडे कुठे वेगळं असतं?

"आणि मालवण काय वाईट आहे?" दादा. ते इतका वेळ तुळशीमागे पेपर वाचण्याचं सोंग करत होते. "रात्री निघालं की सकाळी मालवण. मासे तेच, पाणी तेच."

मालवण वाईट अजिबात नाही. चार वर्षांपूर्वी आम्ही तिथेही उतरलोय. किल्ल्याजवळच्या खडकांत जेमतेम पंधरा मिनिटं. एकाने मानगुटीला धरलेलं, दुसरा फोटो काढतोय, तिसरा माशांना पाव चारतोय की फोटोत गर्दी दिसावी. पाणी त्या दिवशी गढूळ होतं. हे पाव चारणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं. माशांना काय, तेही लग्नाच्या पंगतीसारखे जमतात, पण त्यांचं ते अन्न नव्हे. तरीही मी म्हणेन, कान साथ देतात की नाही आणि तोंडाने श्वास घ्यायला जमतं की नाही, हे बघायला मालवण जवळचं नि स्वस्तातलं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाही आहे. डिसेंबर-जानेवारीत जावं. पावसाळ्यात सगळं बंद.

"आणि त्या आंग्रिया बँकेचं काय मध्ये पेपरात..." दादा म्हणाले.

वहिनींना वाटलं सहकारी बँक, ठेवी अडकल्या. तर ते विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्रात बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथासुद्धा पाण्याखाली वीसेक मीटर. ते शिकाऊंचं काम नाही, दादा. तुम्ही आधी वाकून बुटाची नाडी बांधून दाखवा.

दादा पेपरात परतले.

आता खरी गोष्ट कानांची. याच्यावर मी वहिनींना अर्धा तास पिळलं, कारण अंदमानातली माझी पहिली डाइव्ह कानांनीच जवळजवळ बुडवली होती. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरताना कान दडतात ना? पोलादपूरपर्यंत पोचेतो, म्हणजे तासा-दीड तासात, हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात दीड मीटरमध्येच वाढतो. दीड मीटर म्हणजे मी स्वतः उभी. अख्खा आंबेनळी घाट माझ्या उंचीएवढ्या पाण्यात! आणि १० मीटरवर दाब थेट दुप्पट. त्यामुळे नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात 'टुक्' झालं की आणखी जरा खाली. दुखायच्या आधी फुंकायचं, दुखल्यावर नव्हे. मी शहाणी, दुखेपर्यंत थांबले. तीन मीटरवर अशी कळ आली की सासूबाईंचे सगळे देव आठवले. शिकवणाऱ्या मुलाने शांतपणे मला मीटरभर वर नेलं, पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा खाली. तीन वेळा. त्याला कुठलीच घाई नव्हती आणि तेव्हाच माझी भीती गेली. सर्दी असेल त्या दिवशी मात्र उतरायचंच नाही, पैसे गेले तरी. म्हणूनच एका जागी चार रात्री. एक दिवस सर्दीचा गेला, एक वाऱ्याचा गेला, तरी दोन उरतात. रोज बेट बदलणाऱ्याला हे सुख नाही.

दुसरं, श्वास कोंडायचा नाही. पोहताना आपण कोंडतो, इथे नेमकं उलट. छाती भरून हवा घेतली आणि ती कोंडून वर आलात, तर वरचा दाब कमी होतो तशी ती आत फुगते, आणि फुप्फुस म्हणजे काही फुगा नव्हे. घेत राहा, सोडत राहा. बोलता येत नाही, एवढाच काय तो फरक.

"म्हणजे ह्यांनाच सोपं जाणार," वहिनी म्हणाल्या.

बोलता येत नाही म्हणून हाताच्या खुणा शिकवतात, आणि तिथे आमच्या ह्यांनी जे दिवे लावले ते सांगायलाच हवं. पाण्याखाली 'सगळं ठीक' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. नुसता अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. हे किनाऱ्यावर तीनदा सांगितलं होतं. पण समोरून कासव आलं, हे एवढं परातीएवढं, पंख हलवत, आणि ह्यांनी आनंदाने अंगठा वर केला. मुलाने त्यांना वर नेलं. वर येऊन कळलं की काही झालेलं नाही. पुन्हा कान फुंकत खाली. मग दगडाच्या कपारीतून मोरे ईलने तोंड काढलं. ह्यांनी पुन्हा अंगठा. आयुष्यभर व्हॉट्सअॅपवर अंगठे देण्याची सवय, दुसरं काय!

आणि मिशी. आमच्या ह्यांची मिशी साधीच, तरी मास्क तिथे नीट बसेना, पाणी झिरपून नाकात. शेवटी व्हॅसलीन थापलं, तरी पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी नाकाखालची एक पट्टी साफ करून बाहेर आली. मी हसले नाही असं मी म्हणणार नाही.

वहिनींनी हळूच तुळशीकडे पाहिलं. दादांची मिशी सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तिला पीळ देतात ते.

"तिला हात लावायला सांगितलं तर हे पोर्ट ब्लेअरलाच उतरणार नाहीत, ताई."

"मग पीळ काढून ठेवा आणि व्हॅसलीनची मोठी डबी घ्या. आणि हो, मास्कच्या काचेवर आतून थुंकायचं."

"शी!"

"थुंकून बोट फिरवायचं, मग विसळायचं. काचेवर वाफ धरत नाही. सगळे थुंकतात. आपापल्या मास्कमध्ये थुंकतात, एवढं लक्षात ठेवा."

पोहता येत नाही, हे त्यांचं मोठं दुःख. नुसतं करून बघायला पोहणं लागत नाही, बरोबरचा माणूस सोडत नाही, आणि १२ मीटरच्या खाली नेतही नाहीत. आमच्या लेकीने मात्र रीतसर कोर्स केला, १८ मीटरपर्यंत जायचा. तीन-चार दिवस लागतात, तीस हजारांच्या आसपास गेले, आणि तिला आधी २०० मीटर न थांबता पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागलं. तिने एक शहाणपणा केला, पुस्तकी भाग घरीच ऑनलाइन उरकला. नाहीतर समुद्राकाठी खोलीत बसून धडे वाचायचे, यासारखा करंटेपणा नाही. वहिनींच्या मुलालाही कोर्सच करायचाय. त्याला मी हेच सांगितलं. वहिनींना मात्र नगरपालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचला धाडणार आहे. पोहायला यावं म्हणून नाही, तोंड पाण्यात घालून घाबरू नये म्हणून. दोन महिने पुष्कळ झाले.

दादांची बीपीची गोळी चालू आहे. तिथे गेल्यावर एक फॉर्म देतात, दमा आहे का, बीपी आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. लोक सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतात. करू नये. आम्ही निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं, नाहीतर बेटावर ऐन वेळी डॉक्टर शोधत हिंडायचं. बोट लागत असेल तर उलटीच्या गोळीचंही त्यांनाच विचारायचं, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि गुंगीत समुद्राच्या तळाशी जाणं बरं नव्हे.

"पाणी गार असतं का?"

इथे मी जरा भाव खाल्ला. फेब्रुवारीत पाणी २८ अंश. आपल्याकडे फेब्रुवारीत सकाळी नळाखाली हात धरवत नाही, आणि तिथे समुद्र म्हणजे बाळंतिणीच्या न्हाणीसारखा. नवशिक्याने कोमटच पाणी निवडावं. थंडीने कुडकुडणारा माणूस श्वास भराभरा घेतो, टाकी लवकर संपवतो, शिवाय घाबरतो तो वेगळाच. तरी फसू नका, हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब पंचवीसेक पट वेगाने ओढून घेतं. अर्ध्या तासानंतर मला २८ अंशातही शिरशिरी आली. म्हणून ३ मिलीमीटर जाडीचा रबरी पोशाख देतात. तो चढवणं म्हणजे भरल्या गादीला लहान मापाची खोळ घालणं. मला दोन पोरींनी ओढून भरलं. मंगळसूत्र, बांगड्या सगळं खोलीवर काढून ठेवायचं. वहिनी जरा चाचरल्या, पण पाण्यात पडलं तर कोण काढणार, म्हटल्यावर पटलं.

कोमट पाण्याची दुसरी बाजूही त्या शिकवणाऱ्या मुलाने दाखवली. वाटेत एका ठिकाणी प्रवाळ पांढरंफट्ट, हाडांसारखं. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंश जास्त तापलं आणि तसंच आठवडेच्या आठवडे राहिलं, की प्रवाळ आतली रंगीत शेवाळं बाहेर टाकतं आणि उपाशी पडतं. अंदमानात २०१० मध्ये असं फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ मध्ये पुन्हा. काही सावरलं, काही नाही. म्हणून पाय टेकवायचा नाही, हात लावायचा नाही. आणि वहिनी, शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा, मेलेलासुद्धा, आणायचा नाही. कायद्याने गुन्हा आहे, विमानतळावर बॅग उघडतात.

"मग आणायचं काय?"

"बातम्या!" मी म्हटलं, आणि राखून ठेवलेली काढली. तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा माहितीये ना, कार्टूनमधला? तो समुद्रफुलाच्या झुपक्यात कुटुंबाने राहतो. घरात सगळ्यात मोठी ती बाई. तिच्याखाली तिचा नवरा, बाकी सगळे बारके पुरुष, गप्प. आणि ती बाई मेली, की काय होतं?

"दुसरी आणतात."

"नाही. नवराच बाई होतो. आणि बारक्यांतला थोरला त्याचा नवरा."

वहिनींच्या हातातला पिळलेला टॉवेल खाली पडला. दादांचा पेपर तर केव्हाच खाली आला होता.

"आणि ती पांढरीशुभ्र वाळू, जिच्यावर सगळे लोळून फोटो काढतात? पोपटमासा दिवसभर चोचीने प्रवाळाचे खडक कुरतडतो आणि मागून वाळू टाकतो. प्रवाळ बेटांवरच्या तसल्या वाळूत त्याचा मोठा हात असतो. हात म्हणायचं आपलं."

हे ऐकून वहिनींचं भय पार पळालं. माणसाला घाबरायला वेळ तेव्हाच मिळतो, जेव्हा दुसऱ्याच्या घरातलं काही कळलेलं नसतं.

शेवटी मुलगा बाहेर आला, तेव्हा त्याला म्हटलं, स्वस्त बघून बुक करू नकोस. चार ठिकाणी फोन कर आणि विचार, एका शिकवणाऱ्याकडे किती माणसं? पाण्याखाली नेमकी किती मिनिटं? आधी उथळ पाण्यात सराव करवता का? बोटीवर अडीअडचणीला ऑक्सिजन असतो का? आईबाबांसाठी माणशी एक शिकवणारा मागून घे. दर कमी असतो तिथे बहुतेक वेळच कापलेला असतो, आणि कानाला लागतो तो नेमका वेळच. सकाळच्याच डाइव्ह घे; जानेवारीत तिकडे संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. त्याने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. आजकालची मुलं आपलं बोलणं टिपून घेतात की दुसऱ्याच कुणाला मेसेज करतात, कळत नाही, पण मान हलवत होता.

काल रात्री नवा बेत आला. हॅवलॉकला चार रात्री, मध्ये एक दिवस कोरा, शेवटी सेल्युलर जेल, आणि विमान त्याच्याही दुसऱ्या दिवशी. जुन्या बेतातलं बाराटांग बेट गेलं, नील गेलं, दादांची कुरकुर झाली, पण तिकिटं निघालीत. वहिनींनी तलावाचा अर्ज आणलाय. दादांची मिशी अजून जागच्या जागी आहे, फक्त आज सकाळी ते आरशासमोर नाक चिमटीत धरून उभे दिसले.

ती फांदी मात्र मी जानेवारीत ते तिकडे असताना छाटून घेणार आहे. वाचणाऱ्यांनी कृपा करून वहिनींना सांगू नये.